१८६१ची रशियन भूदासमुक्ती: झायोंच्कोव्स्कींची दोन पुस्तकं आणि पेर्मचा विसरलेला वास्तुकार स्वियाझेव्ह

ओसरी (मूळ लेख)

सोव्हिएत इतिहासकार प्योत्र झायोंच्कोव्स्की (१९०४–१९८३) यांची भूदासमुक्तीवरची दोन पुस्तकं जोडीने वाचायची आहेत. पहिलं १९५४चं, रशियातल्या भूदासप्रथेच्या (शेतकरी जमीनदाराच्या मालकीचा असण्याच्या प्रथेच्या) उच्चाटनाबद्दल. त्याची तिसरी आवृत्ती १९६८ला निघाली आणि १९७८ला अमेरिकेत इंग्रजी भाषांतरही आलं. दुसरं १९५८चं, त्या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल. पहिलं बरेच जण वाचतात आणि तिथेच थांबतात. त्यामुळे समज असा होतो की झारने जाहीरनाम्यावर सही केली आणि दोन कोटींहून अधिक माणसं मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे नक्की काय झालं, हे दुसऱ्या पुस्तकात आहे.

घटनाक्रम थोडक्यात. ३० मार्च १८५६ला झार दुसरा अलेक्झांडर मॉस्कोच्या सरदारांसमोर म्हणाला, की ही प्रथा खालून मोडली जाण्याची वाट पाहण्यापेक्षा वरून मोडलेली बरी. जानेवारी १८५७मध्ये गुप्त समिती, २० नोव्हेंबर १८५७ला व्हिल्नाच्या गव्हर्नर-जनरल नाझिमोव्हच्या नावे आदेश, मग प्रांतोप्रांतीच्या सरदार-समित्या, आणि मार्च १८५९ ते ऑक्टोबर १८६० या काळात मसुदा करणारी संपादकीय आयोगं. अध्यक्ष रोस्तोव्हत्सेव्ह, काम रेटणारा निकोलाई मिल्युतिन. फेब्रुवारी १८६०मध्ये रोस्तोव्हत्सेव्ह वारला आणि त्याच्या जागी पानिन आला. तो जमीनदारांकडे झुकलेला. १९ फेब्रुवारी १८६१ला सही झाली, पण जाहीर वाचन झालं ५ मार्चला. या सगळ्या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत. आपल्या कॅलेंडरसाठी एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मिळवायचे, म्हणजे १९ फेब्रुवारीचा ३ मार्च होतो.

आता कायद्याचा गाभा. माणूस म्हणून भूदास त्याच दिवशी मोकळा: लग्न, मालमत्ता, कोर्टकचेरी, सगळ्याला परवानगी. माणसं विकणं-विकत घेणं बंद. जमीन मात्र जमीनदाराचीच राहिली, आणि शेतकरी झाला ‘तात्पुरता बांधील’. म्हणजे जमीन कसायची आणि त्याबदली पूर्वीसारखीच वेठ करायची (बार्शिना) किंवा रोख खंड द्यायचा (ओब्रोक). किती जमीन, किती खंड, हे गावागावाच्या करारपटात लिहायचं आणि त्यासाठी मुदत दोन वर्षं. वाड्यावर राबणाऱ्या नोकरमाणसांना दोन वर्षांनी मोकळीक, पण जमिनीशिवाय.

या ‘तात्पुरत्या’ अवस्थेला कायद्याने शेवटच दिला नव्हता. २८ डिसेंबर १८८१च्या कायद्याने १ जानेवारी १८८३पासून जमीन विकत घेणं सक्तीचं केलं, तेव्हा ती संपली. मधली बावीस वर्षं लाखो माणसं अर्धी मोकळी, अर्धी बांधलेली होती.

स्वियाझेव्हचा इथे काय संबंध? इव्हान इव्हानोविच स्वियाझेव्ह (१७९७–१८७५) हा राजकन्या वार्वारा शाखोव्स्कायाच्या भूदासांच्या घरात जन्मला. पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिकला, आणि १८२२ ते १८३२ पेर्मला उरलच्या खाणखात्याचा वास्तुकार होता. १८६१च्या आधी एखादा भूदास कसा सुटायचा, याचं हे कागदोपत्री तपासता येण्याजोगं उदाहरण आहे: मालकाची मर्जी आणि एक मुक्तिपत्र. १८६१ने त्या मर्जीच्या जागी तक्ते आणले. दोन्ही प्रकारचे कागद कसे वाचायचे, हा या धाग्याचा विषय.

जमाखर्च

हिशेब मांडतो. तो केल्याशिवाय झायोंच्कोव्स्कींची दोन्ही पुस्तकं नुसती शब्दांची वाटतात.

कायद्याने युरोपीय रशियाचे तीन पट्टे केले: काळ्या मातीविरहित, काळ्या मातीचा, आणि गवताळ. पहिल्या दोन पट्ट्यांत प्रत्येक भागासाठी दरडोई कमाल जमीन ठरवली. किमान म्हणजे कमालीचा एक-तृतीयांश. ‘दरडोई’ म्हणजे फक्त पुरुष, तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत, १८५७–५८च्या दहाव्या शिरगणतीत नोंद झालेला. बायका हिशेबात नाहीत.

कमाल जमिनीचा खंड ८ ते १२ रूबल. पीटर्सबर्गजवळ १२, बऱ्याच प्रांतांत ९. समजा कमाल ४ देस्यातिना (एक देस्यातिना म्हणजे सुमारे २ एकर २८ गुंठे) आणि खंड ९ रूबल. जमीन निम्मी मिळाली तर खंडही निम्मा व्हावा, असं कुणालाही वाटेल. पण काळ्या मातीविरहित पट्ट्यात पहिल्या देस्यातिनावर खंडाचा अर्धा भाग चढवला, दुसऱ्यावर पाव, आणि उरलेला पाव बाकीच्या जमिनीवर वाटला:

पहिली देस्यातिना: ४ रूबल ५० कोपेक
दुसरी: २ रूबल २५ कोपेक
तिसरी आणि चौथी: प्रत्येकी १ रूबल १२.५ कोपेक

म्हणजे २ देस्यातिना मिळालेला माणूस जमीन निम्मी घेऊन ६.७५ रूबल, म्हणजे पाऊण खंड भरतो. जमीनदाराला जमीन कापून घेण्यात फायदाच फायदा.

आता विकत घेण्याची किंमत. ती जमिनीच्या बाजारभावावर नाही, खंडावर ठरवली. वार्षिक खंड हे ६ टक्के व्याज मानायचं आणि मुद्दल काढायचं:

खंड ९ रूबल, मुद्दल १५० रूबल
सरकार जमीनदाराला देणार ८० टक्के: १२० रूबल (कमी जमीन असेल तर ७५ टक्के)
शेतकऱ्याने थेट जमीनदाराला द्यायचे: ३० रूबल
सरकारचे १२० रूबल फेडायचे: दरसाल ६ टक्के, म्हणजे ७ रूबल २० कोपेक, ४९ वर्षं
४९ वर्षांची बेरीज: ३५२ रूबल ८० कोपेक

वरचे ३० धरले तर ३८२.८०. दीडशे रूबलांच्या मालासाठी.

एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. जमीनदाराने एकतर्फी विक्रीची मागणी केली तर त्याला ते ३० रूबल सोडावे लागत. तरी अनेकांनी तशी मागणी केली, कारण शेतकऱ्यांकडून रोख वसूल होण्याची आशा नव्हती आणि बँकेचं कर्ज डोक्यावर होतं. १८५९पर्यंत साठ टक्क्यांहून अधिक भूदास सरकारी पतसंस्थांकडे गहाण पडले होते. सरकारने देण्यातून ते कर्ज आधी कापून घेतलं, आणि उरलेली रक्कम रोख न देता रोख्यांत दिली. ते रोखे बाजारात दर्शनी किमतीखाली विकले जात.

कूळ_३२ग

उत्तम मांडणी. वाचनखूण साठवली.

हा तक्ता बघून आपला १९४८चा कुळकायदा आठवल्याशिवाय राहत नाही. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाला कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, आणि किंमत ठरवायला आधार घेतला सरकारी आकाराचा: साध्या कुळासाठी आकाराच्या २० ते २०० पटींच्या आत, कायम कुळासाठी खंडाच्या सहापट. हप्ते जास्तीत जास्त १२. खंडाचं मुद्दल करून ४९ वर्षं आणि आकाराच्या पटीत १२ हप्ते, यात फरक फार मोठा आहे.

दोन शंका आहेत. एक, खोताच्या कुळाला आणि रशियन भूदासाला एका मापाने मोजणं बरोबर आहे का? दोन, हप्ता थकला तर कुणाच्या घरावर टाच यायची?

ओसरी

@कूळ_३२ग, पहिल्याचं उत्तर: एका मापाने मोजू नये. खोतीत वेठ होती, जुलूम होता, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९३७ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं आणि १९४९ला ती कायद्याने गेली. पण कूळ ही खोताची मालमत्ता नव्हती. रशियन भूदास जमिनीसकट किंवा जमिनीवाचून विकला जाई, गहाण पडे, मालकाच्या हुकमाने सैन्यात किंवा सैबेरियात पाठवला जाई. लग्नालाही मालकाची परवानगी लागे.

दुसऱ्याचं: टाच सगळ्या गावावर. जमीन व्यक्तीला मिळाली नाही, गावकीला मिळाली, आणि हप्त्याची जबाबदारी सामुदायिक. एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. म्हणून गावकी कुणाला सहजासहजी गाव सोडू देत नसे. बाहेरगावी कामाला जायला परवाना लागे आणि तो थकबाकीदाराला मिळत नसे. जमीनदाराच्या जागी गावकी बसली, हे वाक्य फार वापरलं जातं. ते तपशिलात बघायचं असेल तर या परवान्यांच्या नोंदी बघाव्यात.

हप्ते १९०६पासून निम्मे केले आणि १ जानेवारी १९०७पासून रद्द. तोवर शेतकऱ्यांनी दीड अब्ज रूबलांहून अधिक भरले होते.

मोडीवाचक

करारपट प्रत्यक्ष कसा वाचायचा, ते लिहितो. रशियन वाचता येणाऱ्यांना आज स्कॅन मागवता येतात, त्यामुळे हे नुसतं पुस्तकी राहिलेलं नाही.

पीटर्सबर्गच्या रशियन राज्य ऐतिहासिक अभिलेखागारात फोंद (दप्तरसंग्रह) क्र. ५७७ आहे: मुख्य विमोचन संस्थेचं, म्हणजे जमीन विकत घेण्याचे व्यवहार पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं दप्तर. त्याच्या याद्या प्रांतवार आहेत. शोधायला तीन गोष्टी हाताशी हव्यात: प्रांत, तालुका (उयेझ्द) आणि १८६१ला मालक कोण होता त्याचं आडनाव. फायली बहुधा मालकाच्या नावाने लावलेल्या असतात, त्यामुळे नुसतं गावाचं नाव घेऊन गेलात तर हाती काही लागत नाही.

एका फायलीत साधारण हे कागद मिळतात: करारपट, सरकारने नेमलेल्या मध्यस्थाने गावात जाऊन केलेल्या पडताळणीचा कागद, विक्रीचा करार किंवा जमीनदाराची एकतर्फी मागणी, कधीकधी जमिनीचा नकाशा, आणि शेवटी कर्जमंजुरी. आधी पडताळणीचा कागद उघडा. शेतकऱ्यांनी सही करायला नकार दिला असेल तर तो तिथे असतो, आणि कारणही असतं: ‘कुरण गेलं’, ‘पाण्यावर जायची वाट बंद झाली’, ‘नवी जमीन वाळूची’. झायोंच्कोव्स्कींच्या दुसऱ्या पुस्तकाचा कणा याच कागदांवर उभा आहे. जवळपास निम्मे करारपट शेतकऱ्यांच्या सहीविना लागू झाले. सही नसली तरी करार लागू होतो, हे कायद्यातच होतं.

मग करारपटातले दोन रकाने शेजारी ठेवा: सुधारणेआधी वहिवाटीत असलेली जमीन आणि आता दिलेली. फरक म्हणजे कापलेला तुकडा, रशियनमध्ये अत्रेझ्की. काळ्या मातीच्या प्रांतांत एकूण कपात २६ टक्क्यांच्या आसपास, बाकीच्या पट्ट्यात १० टक्क्यांच्या आसपास, असे आकडे झायोंच्कोव्स्की देतात.

चुका कुठे होतात? मुख्य तीन ठिकाणं.

पहिलं, देस्यातिना. सरकारी देस्यातिना २४०० चौरस साझेन्यांची, म्हणजे १.०९ हेक्टर, आपल्या हिशेबात सुमारे २ एकर २८ गुंठे. पण जमीनदारांच्या जुन्या कागदांत ‘घरगुती’ देस्यातिना ३२०० चौरस साझेन्यांचीही असते. पहिल्या रकान्यात एक माप आणि दुसऱ्यात दुसरं धरलं, तर नसलेली कपात दिसते किंवा असलेली लपते. कागदाच्या वरच्या भागात कोणतं माप आहे ते लिहिलेलं असतं. ते आधी टिपून घ्या.

दुसरं, ‘सोयीची’ आणि ‘गैरसोयीची’ जमीन. दरडोई जमीन मोजताना फक्त सोयीची धरायची. दलदल आणि ओढ्याची घळ त्यात येत नाही.

तिसरं ठिकाण सगळ्यात अवघड. सुधारणेआधीचा आकडा जमीनदारानेच लिहिलेला असतो, आणि १८६२मध्ये तो लिहिताना कमी दाखवण्यात त्याचा फायदा होता. म्हणून तो १८५८–५९च्या इस्टेट-वर्णनांशी ताडून बघायचा. शंभराहून अधिक पुरुष भूदास असलेल्या इस्टेटींची माहिती संपादकीय आयोगांनी १८६०मध्ये छापून काढली आहे. ती माहिती दिली तेव्हा कमाल-किमान ठरलेली नव्हती, त्यामुळे आकडा वाकवण्याचं कारणही कमी होतं. इतिहासकार लित्वाक यांनी १९७२च्या पुस्तकात मध्य काळ्या मातीच्या पट्ट्यातले करारपट मोठ्या संख्येने घेऊन हीच छाननी केली. झायोंच्कोव्स्कींनंतर वाचायचं पहिलं पुस्तक ते.

जमाखर्च

@मोडीवाचक, लित्वाक यांच्याबद्दल सहमत. त्याच्याच पुढचा वाद इथे नोंदवायला हवा.

सोव्हिएत पुस्तकांत एक त्रिकूट सतत भेटतं: शेतकऱ्यांना मिळालेल्या जमिनीचा बाजारभाव सुधारणेआधीच्या दराने ५४४ दशलक्ष रूबल, १८६३–७२च्या दराने ६४८ दशलक्ष, आणि ठरवलेली किंमत ८६७ दशलक्ष. निष्कर्ष असा, की फरकाची रक्कम म्हणजे माणसाची किंमत. कायद्याने माणसाची किंमत घ्यायला बंदी होती, म्हणून ती जमिनीच्या नावाखाली वसूल केली.

इतिहासकार स्टीव्हन होक यांनी २००४ला याला हात घातला. बाजारात विकल्या गेलेल्या जमिनी आणि शेतकऱ्यांच्या वाट्याला आलेल्या जमिनी यांची सरळ तुलना होत नाही, आणि हप्त्यांचं ओझं फुगवून सांगितलं जातं, असा त्यांच्या मांडणीचा रोख. वाचावं असं लिखाण आहे.

तरी काळ्या मातीविरहित पट्ट्यापुरता जुना निष्कर्ष मला टिकाऊ वाटतो. तिथला भूदास खंड भरायचा तो शेतातून नाही. विणकाम, सुतारकाम, गाडीवानी, शहरातली मजुरी, यांतून भरायचा. यारोस्लाव्हलच्या हलक्या जमिनीतून तेवढं पीकच येत नसे. म्हणजे खंडाचं मुद्दल केलं तेव्हा त्याच्या हातच्या कसबाचंच मुद्दल केलं गेलं. वरचा तक्ता पुन्हा बघा: पहिल्याच देस्यातिनावर निम्मा खंड का चढवला, याला दुसरं कारण सापडत नाही.

बखरप्रेमी

पहिल्या पुस्तकात लेनिनचे उतारे पानोपानी येतात. आज ते वाचताना अडखळायला होतं. वगळून वाचलं तर चालतं का?

ओसरी

चालतं, आणि वगळल्यावर काय उरतं ते बघणं महत्त्वाचं. झायोंच्कोव्स्की १९४४ ते १९५२ लेनिन ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाचे प्रमुख होते. द्मित्री मिल्युतिनची (वर आलेल्या निकोलाईचा भाऊ, युद्धमंत्री) दैनंदिनी चार खंडांत त्यांनीच संपादित केली. पुढे क्रांतिपूर्व रशियातल्या दैनंदिन्या आणि आठवणींची सूची त्यांच्या देखरेखीखाली निघाली. ती आजही या विषयाच्या अभ्यासकाच्या टेबलावर असते. माणूस कागदावर पोसलेला होता. त्या काळात छापून यायचं तर उतारे द्यावेच लागत, पण त्यांच्या पुस्तकाचा भार तळटिपांवर आहे. मजकूर आणि तळटीप वेगवेगळ्या दिशेला जात असतील तर तळटिपेवर विश्वास ठेवा.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची नावंच बघा: लारिसा झाखारोव्हा, आणि अमेरिकेतून आलेले टेरेन्स एमन्स व डॅनियल फील्ड. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही बाजूंचे विद्यार्थी एका माणसाकडे कागद वाचायला शिकत होते.

बखरप्रेमी

फील्ड म्हणजे बेझ्दनावर लिहिणारे तेच ना? त्या प्रकरणात लोक कायदा वाचूनच फसले, असं वाचलंय.

मोडीवाचक

हो, तेच फील्ड. बेझ्दना हे कझान प्रांताच्या स्पास्क तालुक्यातलं गाव. १९ फेब्रुवारीचा कायदा म्हणजे एक कागद नव्हता. १७ वेगवेगळे अधिनियम होते, कचेरीच्या भाषेत. गावोगाव प्रती पोचल्या, आणि वाचता येणारा माणूस शोधायची धावपळ सुरू झाली. बेझ्दनात अंतोन पेत्रोव्हला थोडं वाचता येत होतं. कायद्यासोबत करारपटाचा छापील नमुना होता, आणि नमुन्यात आकड्यांच्या जागी शून्यं छापलेली. शिरगणतीनंतर किती जण मुक्त केले, या नोंदीपुढच्या शून्यांत त्याला झारने दिलेली पूर्ण मुक्ती दिसली. झारने खरी मुक्ती दिली, जमीनदारांनी ती लपवली, हा अर्थ लोकांना पटला, कारण जे वाचून दाखवलं जात होतं ते मुक्तीसारखं वाटतच नव्हतं.

हजारो शेतकरी त्याच्या घराभोवती जमले. १२ एप्रिल १८६१ला जनरल अप्राक्सिनने गोळीबार करवला. पहिल्या सरकारी नोंदीत ५१ मृत, नंतरचे अंदाज त्याहून बरेच जास्त. १९ एप्रिलला पेत्रोव्हला गोळ्या घातल्या. १६ तारखेला कझानमध्ये मृतांसाठी प्रार्थना झाली. तिथे इतिहासाचे प्राध्यापक श्चापोव्ह बोलले, आणि त्यासाठी त्यांना अटक झाली.

छापील नमुन्यात शून्यांऐवजी उदाहरणादाखल आकडे भरलेले असते, वाचून दाखवायला समजावून सांगणारा माणूस पाठवला असता, तर एवढा घोळ झाला नसता. मध्यस्थांच्या नेमणुका त्या एप्रिलपर्यंत नीट झाल्याच नव्हत्या.

चुनाविटा

कायद्यावर भरपूर झालं, आता स्वियाझेव्ह.

त्याची मालकीण वार्वारा शाखोव्स्काया ही माहेरची स्त्रोगानोव्ह. पेर्मच्या मुलखातल्या मीठ-लोखंडाच्या इस्टेटी याच घराण्यातून वाटल्या गेल्या. पीटर्सबर्गचं कझान कॅथीड्रल (१८०१–१८११) बांधणारा आंद्रेई व्होरोनिखिनही याच मुलखातला, १७५९ला नोव्होये उसोल्येत जन्मलेला स्त्रोगानोव्हांचा भूदास. १७८६ला मोकळा झाला. एकाच घराण्याच्या भूदासांतून दोन वास्तुकार. व्होरोनिखिनचं नाव शाळेतल्या पुस्तकात आहे, स्वियाझेव्हचं पेर्मबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

पुसट व्हायची कारणं आहेत. १८१७पासून अकादमीने भूदास विद्यार्थ्यांना दार बंद केलं. स्वियाझेव्हच्या वयाच्या मुलांवर ही कुऱ्हाड ऐन शिक्षणात पडली. दुसरं कारण व्यवस्थेचं. प्रांतातली सरकारी इमारत म्हणजे प्रांतात काढलेला आराखडा, पीटर्सबर्गात झालेली दुरुस्ती आणि मंजुरी, आणि परत प्रांतात झालेलं बांधकाम. खाजगी घरांसाठी तर १८०९ ते १८१२मध्ये नमुना-दर्शनी भागांचे संग्रह छापून वाटले होते आणि त्यातूनच निवड करायची होती. अशा वेळी नाव कुणाचं लागतं? जो सगळ्यात वर सही करतो त्याचं, नाहीतर ज्याचं नाव आधीच मोठं आहे त्याचं.

म्हणून कुठल्याही प्रांतिक इमारतीचं श्रेय ठरवताना आराखड्याच्या खालच्या कडेच्या सह्या वेगवेगळ्या वाचायच्या: रचना कुणाची, नक्कल कुणी केली, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं. नक्कल करणाऱ्याला रचनाकार समजण्याची चूक सर्रास होते. मग अंदाजपत्रक बघायचं: विटा, चुना, लोखंड किती आणि दर काय. आराखडा आणि अंदाजपत्रक यांच्या तारखांत वर्षांचं अंतर असेल, तर मधे आराखडा बदलला असण्याची दाट शक्यता. खाणखात्याची कामं शोधायला येकातेरिनबर्गच्या स्वेर्द्लोव्स्क प्रांत अभिलेखागारातला फोंद २४, म्हणजे उरल खाण मंडळाचं दप्तर.

पेर्ममध्ये स्वियाझेव्हचं काम ठळक दिसतं ते दोन ठिकाणी: कामा नदीच्या उंच काठावरच्या स्पास-प्रेओब्राझेन्स्की कॅथीड्रलचा घंटामनोरा, जो १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरा झाला, आणि पहिला अलेक्झांडर १८२४ला येणार म्हणून शहराच्या बागेत उभारलेला गोल मंडप. मनोरा नदीवरून आधी दिसतो, मागचं कॅथीड्रल नंतर.

विटांबद्दल एक कामाची गोष्ट. १८४७च्या नियमाने विटेचं माप ६ × ३ × १.५ वेर्शोक ठरलं, म्हणजे २६.७ × १३.३ × ६.७ सेंटिमीटर, आणि भट्टीचा शिक्का सक्तीचा झाला. त्याआधीच्या विटा जागोजाग वेगळ्या. त्यामुळे १८२०च्या म्हणून सांगितलेल्या भिंतीत शिक्क्याची, एकसारख्या मापाची वीट सापडली तर तो भाग नंतरच्या दुरुस्तीचा असण्याचा संशय घ्यायचा. एकट्या विटेवरून निकाल मात्र द्यायचा नाही. सांध्यातला चुना आणि विटांची गुंफण जुळते का, तेही बघायचं.

कूळ_३२ग

स्वियाझेव्हने मुक्ती नेमकी कशी मिळवली, हे कागदावर कुठे दिसेल?

मोडीवाचक

दोन जागी. मुक्तिपत्र मालक देई आणि त्याची नोंद कचेरीत होई. ते मिळाल्यावर माणसाला ठरावीक मुदतीत एखाद्या वर्गात नाव घालावं लागे: शहरी नागरिक, व्यापारी, सरकारी नोकर. सरकारी हुद्द्यावर भूदास राहूच शकत नव्हता, त्यामुळे नेमणुकीच्या फायलीत मुक्तिपत्राचा उल्लेख असणं अपेक्षित.

दुसरी जागा शिरगणतीच्या याद्या. सातवी १८१५–१६ची, आठवी १८३३–३४ची. आठव्या यादीत मागच्या गणतीतली प्रत्येक पुरुष-नोंद परत येते आणि शेजारी ‘यातून कमी झाले’ हा रकाना असतो: मेला, सैन्यात गेला, मुक्त केला, आणि साल. शाखोव्स्कायाच्या इस्टेटीची आठवी यादी उघडून या रकान्यातली ‘मुक्त’ची नोंद पाहायची. याच यादीत मागे राहिलेली भावंडं आणि चुलते दिसतात. एक जण सुटला म्हणून कुटुंब सुटत नसे. शोधताना सहावी गणती (१८११) टाळा, तीत बायकांची नोंद नाही आणि नाती जुळवता येत नाहीत.

चुनाविटा

स्वियाझेव्हच्या पुस्तकांबद्दल राहिलं. १८३२नंतर तो पीटर्सबर्गला खाण-संस्थेत वास्तुकला शिकवायला लागला. ती इमारत व्होरोनिखिननेच बांधलेली. वास्तुकलेचं पाठ्यपुस्तक त्याने तिथे लिहिलं, आणि १८६७ला भट्टी-शेगडीच्या शास्त्रावरचं पुस्तक काढलं.

हा विषय किरकोळ नाही. उरलमध्ये हिवाळ्यात पारा उणे तिसाच्या खाली जातो, आणि घर जगतं ते विटांच्या शेगडीवर. लाकूड तास-दीड तास जोरात जाळायचं, धूर विटांच्या नागमोडी नळ्यांतून फिरवायचा, विटांच्या राशीने उष्णता शोषायची आणि पुढचे बारा तास हळूहळू खोलीत सोडायची. जाळ संपला की धुराड्यातली झडप बंद. गवंडी हे पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजाने करत. नळीत गरम वायू कसा हलतो, किती लांब नळीला किती ओढ लागते, याची तात्त्विक मांडणी स्वियाझेव्हने केली. पुढे धातुशास्त्रज्ञ ग्रुम-ग्र्झिमाइलोने विसाव्या शतकात भट्ट्यांचा जो सिद्धांत मांडला, त्याच्या आधीच्या पायऱ्यांत स्वियाझेव्हचं नाव येतं.

अशा शेगड्यांत काय बिघडतं? झडप लवकर बंद केली, निखाऱ्यावर निळी ज्योत असतानाच, तर विषारी वायू खोलीत येतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. नळ्या फार लांब केल्या तर धूर धुराड्यात पोचेपर्यंत थंड होतो, पाणी आणि डांबर सुटतं, विटेतून काळे ओघळ बाहेर येतात. शेगडी भिंतीला गुंफून बांधली तर तापल्यावर ती फुगते आणि सांध्यात चीर पडते. म्हणून मधे मोकळी फट ठेवायची. सांधे चिकणमाती-वाळूच्या गाऱ्याचे आणि पातळ, ३ ते ५ मिलिमीटर. जाड सांधा आधी गळतो. आत सिमेंट वापरलं तर तापून-निवून भुगा होतो, त्यामुळे जुन्या शेगडीची दुरुस्ती करतानाही मातीच वापरतात.

ओसरी

@चुनाविटा, अप्रतिम. खाणखात्याचा विषय निघालाच आहे तर पेर्मच्या बाबतीत १८६१ने काय केलं, तेही इथेच नोंदवूया. तिथे नुसते शेतकरी नव्हते, लोखंडाच्या कारखान्यांना बांधलेले भूदास होते. खाजगी खाण-कारखान्यांच्या माणसांसाठी त्याच १९ फेब्रुवारीला वेगळे पूरक नियम निघाले, आणि त्यांत दोन वर्ग केले. भट्टीवर आणि हातोड्यावर काम करणारे कारागीर, आणि लाकूडतोड, कोळसा, वाहतूक करून शेतीही करणारे ग्रामीण कामगार.

ग्रामीण कामगारांना शेतजमीन मिळाली. कारागिरांना घराची जागा, आणि वहिवाटीत असेल तर गवताचा तुकडा. नांगरायची जमीन नाही. सरकारचा तर्क असा की कारागीर मजुरीवर जगेल. पण कारखाना एकच, मालक एकच, आणि जंगलही मालकाचं. सरपणाच्या लाकडापासून जनावराच्या चाऱ्यापर्यंत सगळं त्याच्याकडूनच. उरलच्या जमिनीचे हे वाद पुढे अनेक दशकं चालत राहिले.

करारपट वाचताना पेर्म प्रांतात ‘कारागीर’ आणि ‘ग्रामीण कामगार’ असे आकडे वेगळे दिले आहेत का, ते पाहा. नाव कोणत्या यादीत चढवायचं ते कारखान्याची कचेरी सुचवत असे, आणि शेती करणाऱ्या माणसाला कारागिरांत टाकलं की त्याच्या जमिनीचा प्रश्न तिथेच मिटायचा. पडताळणीच्या कागदातल्या हरकती या प्रांतात बहुधा याच मुद्द्यावर आढळतात.

मोडीवाचक

याला एक पुरवणी. पेर्मच्या फायलींत जमिनीचा रकाना रिकामा दिसला तर कागद हरवला असं समजू नका. त्या वस्तीत सगळे कारागीर धरले असतील तर रकाना रिकामाच असतो, आणि घराच्या जागांचं क्षेत्र वेगळ्या पानावर चौरस साझेन्यांत दिलेलं असतं. एक साझेन म्हणजे २.१३ मीटर, चौरस साझेन म्हणजे ४.५५ चौरस मीटर. ते पान मागवायला विसरू नका. स्कॅन मागताना ‘जोडपत्रांसह’ असं स्पष्ट लिहावं लागतं.